मागचं जेवण कुणाबरोबर?

जानेवारी लागला की रियाधची थंडी उत्तरेकडून येते आणि विचारत बसत नाही, सरळ आत शिरते. गावाकडच्या लोकांना मी सांगते, अहो, इथे स्वेटर लागतो, कानटोपी लागते, एक दुलई पुरत नाही. ते मान डोलावतात आणि मनात म्हणतात, वाळवंटात कसली आलीय थंडी, ही बाई थापा मारते. म्हणू देत बापडे. मला ही थंडी आवडते. कोरडी, स्वच्छ, सकाळच्या उन्हात फरशीवर मांडी घालून बसायला लावणारी.

काल अशाच उन्हात आम्ही खोकी बांधत होतो. आम्ही म्हणजे मी आणि मोहन. कामाची सगळी वर्षं मोहननं इथल्या एका बँकेत कॉम्प्युटरसमोर काढली, आणि आता आम्ही कायमचे परत निघालोय. त्यानं रुंद तपकिरी चिकटपट्टीची रिळं आणली होती. पहिलं रीळ ओढलं तेव्हा चर्रर्र असा लांबलचक आवाज झाला आणि आम्ही दोघंही थांबलो. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"नाना," मी म्हटलं.

"नानाच," तो म्हणाला आणि पुन्हा पट्टी ओढायला लागला.

त्या हिवाळ्यात हा आवाज रियाधच्या घराघरांत होता. आखाती युद्धाचा हिवाळा. कुवेत गिळून झालं होतं, रेडिओ इराकला दिलेल्या मुदतीच्या बातम्या देत होता, आणि बत्ह्याच्या बाजारात चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचं कापड साखरेसारखं खपत होतं. विषारी वायूची क्षेपणास्त्रं येणार म्हणत. काचांवर पट्टीच्या फुल्या मारायच्या, घरातली एक खोली निवडून तिच्या फटी बुजवायच्या, दाराखाली ओला टॉवेल लावायचा. आमची निवड म्हणजे मधली बेडरूम. तिथे मी पाण्याचे कॅन, बिस्किटं, स्टोव्ह आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नेऊन ठेवला. भोंगा वाजला की सगळे आत. दूर आभाळात काहीतरी फुटायचं, खिडक्या थरथरायच्या, आणि मग इतकं शांत व्हायचं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. भीती वाटायची, खूप वाटायची. पण खरं सांगू? तो हिवाळा आठवला की भीती आधी येत नाही. आधी नाना शिरधनकर येतात, आणि त्यांच्या मागोमाग एक अचंबा येतो, जो इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही.

नाना म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या वृंदाचे वडील. रत्नागिरी जिल्ह्यातले माजी आमदार. माजीपण तेव्हा अगदी कोरं करकरीत होतं, नुकतेच निवडणुकीत सपाटून आपटले होते. हरलेल्या माणसाच्या ओसरीवर सकाळी कोण येत नाही, हे बघत बसण्यापेक्षा बाळंतपणाला टेकलेल्या लेकीकडे गेलेलं बरं, म्हणून व्हिजिट व्हिसा काढून आले. पांढरा लेंगा-झब्बा, करडं जाकीट, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. आवाज असा, की ते वर बोलायला लागले की खाली मला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. दोन माणसं एकत्र दिसली की त्यांना ती सभा वाटायची. आमच्या जिन्यात मला आणि शेजारच्या केरळी बाईला गाठून त्यांनी कोकणातल्या पाणीटंचाईचा विषय पूर्ण केलेला आहे. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती शेवटपर्यंत उभी राहिली. मी मोहनला म्हटलं, खुर्ची गेली बिचाऱ्यांची, पण माइक काही सुटलेला नाही.

वृंदाचा नवरा अविनाश खफजीला होता. खफजी म्हणजे कुवेतच्या सीमेला चिकटलेलं समुद्रकाठचं गाव. तिथल्या तेलाच्या कामावरच्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता आणि पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. युद्ध होणार हे दिसायला लागलं तेव्हा त्यानं वृंदाची आणि नानांची मुंबईची तिकिटं काढली. फोनवर बजावलं, तुम्ही दोघं निघा, मी मागाहून येतो, माझी काळजी करू नका. आणि ज्या दिवशी विमान, त्याच पहाटे युद्ध सुरू झालं. विमानतळ बंद. मोहननं त्यांना सामानासकट गाडीत घालून परत आणलं. वृंदाचं सातव्या महिन्याचं पोट, तिच्या फुगलेल्या बॅगा, नानांची टोपी, सगळं माझ्या मधल्या खोलीत आलं. दुपारी बातमी आली की खफजीवर तोफगोळे पडले, तेलाची टाकी पेटली, गाव रिकामं झालं.

अविनाशचा पत्ता नाही. कंपनीच्या रियाधमधल्या ऑफिसात फोन नुसता वाजत राहायचा. खफजीचे फोन तर मेलेलेच. वृंदा रोज उजाडताच कठड्याला धरून धापा टाकत वर स्वतःच्या घरात जायची आणि फोनशेजारी खुर्ची ओढून बसायची. मी थर्मासमधून चहा न्यायची.

"वहिनी, लाइन चालू आहे ना, जरा बघा."

मी रिसीव्हर उचलायची, कानाला लावायची, आतली गुणगुण ऐकायची. "चालू आहे गं."

हे असं रोज. मी म्हटलं, सातवा लागलाय, चार बायका बोलावू, तुझं डोहाळजेवण करू, मन रमेल. तर म्हणाली, "अविनाश आल्याशिवाय मी ओटी भरून घेणार नाही." पुढे काही बोलायची सोयच ठेवली नाही.

गावी असते तर नानांनी काय केलं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसायचं. कलेक्टरला फोन, पोलीस साहेबांना फोन, एसटी डेपोच्या मॅनेजरला फोन, आणि संध्याकाळपर्यंत जावई दारात. इथे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. सुरुवातीला ते मधल्या खोलीत नुसत्या येरझारा घालत राहिले, पाण्याच्या कॅनना ठेचकाळत. मग एका सकाळी टोपी चढवली आणि म्हणाले, "मोहनराव, या शहरात माणसं उतरतात कुठे? तिथे मला न्या."

माणसं उतरतात बत्ह्याला. अजूनही उतरतात. आता तिथे जमिनीखालून चकचकीत रेल्वे धावते, पण वरचा बत्हा तोच आहे. हिशेब घालत उभी राहिलेली माणसं, पैसे पाठवायच्या दुकानांपुढच्या रांगा, पावडरच्या दुधाचा दाट गोड चहा, तेलकट पराठ्याचा वास, आणि "दमाम, दमाम, दमाम" असं ओरडणारे शेअर टॅक्सीवाले. तेव्हा पूर्वेकडून आलेल्या प्रत्येक टॅक्सीतून गाठोडी घेतलेली, डोळे तारवटलेली माणसं उतरत होती. वृंदाला घरी एकटं ठेवायचा धीर होत नव्हता, म्हणून मी आणि ती अंगभर काळा अबाया घालून गाडीच्या मागच्या सीटवर. उतरायचा प्रश्नच नव्हता. त्या हिवाळ्यातलं जे काही मी पाहिलं, ते बरंचसं त्या मागच्या काचेतून पाहिलं.

पहिल्या दिवशी नानांनी जे केलं ते फक्त आपल्याकडचा आमदारच करू जाणे. एका खानावळीबाहेर कोल्ड्रिंकचं रिकामं क्रेट पडलं होतं. ते त्यांनी पायानं उलटं केलं, त्यावर चढले, टोपी सारखी केली आणि हात वर करून म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो." भगिनी तिथे आम्ही दोघीच, त्याही काचेआड. पण आवाज असा लागला की अख्खा रस्ता वळला. खफजीतून कोणी आलं असेल तर पुढे या, असं ते हिंदीत सांगत होते, पण त्याच्या आधी त्यांनी प्रस्तावना धरली होती, सध्याच्या बिकट परिस्थितीत वगैरे. माणसं जमली. आणि माणसं जमली तसा पोलीस आला. युद्ध चालू, परक्या लोकांचा घोळका, मधोमध क्रेटवर पांढऱ्या टोपीतला म्हातारा. "यल्ला, यल्ला," करत त्यानं गर्दी फोडली आणि नानांचा दंड धरला. मोहन धावला. मोडक्यातोडक्या अरबीत त्यानं सांगितलं, माझे सासरे आहेत, डोक्याला ऊन लागलंय. जानेवारीत ऊन लागलं असं पोलिसाला पटवणारा माझा नवरा पहिलाच. पोलिसानं नानांना खाली उतरवलं, टोपीवरची धूळ झटकली आणि हाकललं.

गाडीत बसल्यावर नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, "इथे सभांना बंदी आहे का?"

"नाना, इथे सभा हा प्रकारच नाही," मोहन म्हणाला.

"मग लोक बोलतात कुणाशी?"

"एकमेकांशी."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता हे परत यायचे नाहीत. वृंदानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि तिची बोटं गार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या आधी तयार. जाकीट नव्हतं, टोपी खिशात. बत्ह्यात उतरले आणि एका माणसाजवळ जाऊन उभे राहिले. एकाच. गाठोड्यावर बसून पाव खात होता तो. नाना त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. हळू आवाज. मी वृंदाला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "हा आवाज मीसुद्धा कधी ऐकलेला नाही."

त्यांची पद्धत मला संध्याकाळी समजली. खाडीत एकदा होडी उलटली होती म्हणे, नाना तेव्हा नवीन आमदार. होडीत कोण कोण होतं याची नावं कोणालाच सांगता येईनात. मजूर माणसं, एकमेकांची नावं कुठे माहीत असतात? तेव्हा एका म्हातारीनं सांगितलं, नाव नका विचारू, कुणाबरोबर भाकरी खाल्ली ते विचारा, ते कोणी विसरत नाही. आखातात तर हे जास्तच खरं. इथे एकटा माणूस एकटा जेवत नाही. त्याची मेस असते, आठ-दहा जणांची एक हंडी. गावाचं नाव चुकेल, कंपनीचं चुकेल, हंडीत हात घालणारा माणूस चुकत नाही. म्हणून नाना प्रत्येकाला एकच विचारायचे, खफजीत असताना शेवटचं जेवण कुणाबरोबर?

"बाबा, शेवटचं म्हणू नका," वृंदा म्हणाली. एवढंच म्हणाली, पण जेवताना आम्हा सगळ्यांचे हात थांबले.

"बरं," नाना म्हणाले. "मागचं जेवण म्हणतो."

आणि मग मी जे पाहिलं त्याला मी आजही चमत्कार म्हणते, मोहन हसला तरी. एक खानावळवाला, स्वभावानं बरा, त्यानं नानांना बाहेरच्या बाकाची एक कड दिली. नाना तिथे बसायचे. एक माणूस यायचा, शेजारी टेकायचा, चहा प्यायचा, उठायचा. मग दुसरा. गर्दी म्हणून कधी दिसलीच नाही, पोलीस दोनदा समोरून गेला आणि त्याला एक म्हातारा चहा पिताना दिसला. पण त्या बाकावरून हळूहळू सबंध पूर्व किनारा उलगडत गेला. अमका तमक्याबरोबर जेवला, तो तमका दमामला मशिदीमागच्या खोलीत आहे, त्याच्याबरोबर बिहारचे दोघं भाऊ आहेत, त्यातला धाकटा थोरल्याला शोधतोय. आणि थोरला नानांनी सकाळीच पाहिलेला असायचा. भावाला भाऊ भेटताना, काकाला पुतण्या भेटताना मी काचेतून पाहिलं. रडायलाही कोणाला वेळ नसे, हात धरून लगेच निघायचे, नानांकडे वळून बघायचंही राहून जायचं. नाना पुढच्या माणसाकडे वळलेले असायचे.

हे सगळं डोक्यात. मोहन म्हणाला, नाना, लिहून तरी घ्या. तर म्हणाले, "माझ्याकडे लोक अर्ज घेऊन यायचे, मोहनराव. मी वाचायचो, त्यावर शेरा मारायचो आणि अर्ज गेला की माणूसही डोक्यातून जायचा. आता जरा असंच राहू दे."

माणसं मिळत होती. आपला माणूस तेवढा मिळत नव्हता. अविनाशबरोबर जेवलेला एकही जण बाकावर आला नाही, कारण तो इंजिनिअर, त्याची मेस वेगळी, त्यातले बहुतेक मालकाच्या गाड्यांतून कुठच्या कुठे पांगलेले. आणि मग रेडिओनं सांगितलं की इराकी फौजा खफजीत घुसल्या आहेत आणि गावात गल्लोगल्ली लढाई चालू आहे. त्या दिवशी वृंदा वर फोनपाशी गेली नाही. माझ्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात पोटावर ठेवून. मी भात कालवून तिच्यापुढे ताट ठेवलं, तर म्हणाली, "बाळाला भूक लागली असेल ना, वहिनी?" आणि घास उचलेचना. मी तिला भरवलं.

नाना त्याही दिवशी बाकावर गेले. परत आले तेव्हा दारातच उभे राहून म्हणाले, "भाजी पोचवणारा एक पठाण आहे. तो म्हणतो, सुलै में एक रत्नागिरी का बावर्ची है. खफजीवालों को वही खिलाता है. कल वहीं खाया." मग जरा थांबून म्हणाले, "त्या हंडीत एक इंजिनिअर जेवतो. जेवताना डाव्या हातानं चष्मा वर करतो."

वृंदा उठून उभी राहिली. भिंतीचा आधारही घेतला नाही.

अल सुलै म्हणजे शहराच्या कडेची गोदामं, पत्र्याची कुंपणं, ट्रकची रांग, ऊन आणि धूळ. मोहननं गाडी एका फाटकापाशी थांबवली. नाना आणि तो आत गेले. मी वृंदाचा हात धरून मागच्या सीटवर. आतून फोडणीचा वास आला, कोकमाचा, माशाचा, तिरफळाचा. वाळवंटात तिरफळ.

आणि फाटकातून अविनाश आला. धावत नाही, चालत, गोंधळलेला. जेवता जेवता उठून आलेला, उजवा हात तसाच उष्टा, भाताची शितं बोटांना लागलेली. त्यानं गाडीत वाकून पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं माणसानं?

"तू इथे कशी? तू रत्नागिरीला पोचली नाहीस?"

वृंदानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग एकदम म्हणाली, "मी रोज फोनपाशी बसलेय. एक फोन का नाही केलास?"

"अगं, रिकाम्या घरी कोणाला फोन करणार?"

असं होतं सगळं. याच्या हिशेबानं बायको आणि सासरे मुंबईचं विमान पकडून केव्हाच घरी गेलेले. खफजीतून पळताना सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, ऑफिसातच राहिलेले, विनाइकाम्याचं रस्त्यावर सापडलं तर तुरुंग, गोदामात फोन नाही. मग कशाला जीव धोक्यात घालून बाहेर पडा, आपली माणसं तर सुखरूप आहेत, या विचारानं तो तिथे शांतपणे बसलेला. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ती त्याच्या फोनची वाट बघत. वृंदानं त्याला पर्सनं एक फटका मारला, खांद्यावर, चांगला सणसणीत, आणि मग त्याचा तो उष्टा हात दोन्ही हातांत धरून रडली. मी तोंड फिरवलं, पण कान फिरवता येत नाहीत.

नाना इतक्यात बाहेर आले. त्यांच्याबरोबर एक काळासावळा, लुंगीवर स्वेटर घातलेला माणूस, हातात झाकलेली ताटली. तो इस्माईल, खफजीच्या हंडीचा बावर्ची. पळताना अविनाशला यानंच ट्रकमध्ये ओढून घेतलं होतं आणि रोज समोर बसवून जेवायला घातलं होतं.

"बायांनी पण काय तरी खावं," म्हणून त्यानं काचेतून ताटली आत दिली. वाफवलेली सांदणं होती, नारळाच्या दुधातली. मग वळून नानांकडे नीट बघितलं. "नानासाहेब ना तुमी? आमदार?"

"ओळखलंस?" नानांचा चेहरा एकदम फुलला. किती दिवसांनी कोणी ओळखलं होतं त्यांना.

"वळखणार नाय? आमच्या गावात तुमची सभा झाली, चटया मी आंथरल्या. सुट्टीवर आलो होतो." आणि हसून म्हणाला, "मत मात्र नाय दिलं तुमाला."

"का रे?"

"आमचा वहाळ," इस्माईल म्हणाला. वहाळ म्हणजे कोकणातला ओढा, पावसात अंगात आल्यासारखा वाहतो. "त्याच्यावरचा साकव गेला वाहून. पोरांची शाळा पलीकडं. पाऊस लागला की पोरं घरात. तुमी मुंबईत साकवावर भाषण केलंत. पेपरात आलं, आमी मशिदीसमोर वाचून दाखवलं सगळ्यांना. बरं वाटलं. मंग पुढच्या वर्षी परत भाषण केलंत. ते पण चांगलं होतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कुचकेपणा नव्हता. पाहुण्याला मीठ कमी पडलंय का विचारावं, तसा बोलत होता. मी नानांकडे बघत होते. आता येणार, मला वाटलं, सध्याच्या बिकट परिस्थितीत. किंवा कमीत कमी, मी शब्द देतो. राजकारणी माणूस हा शब्द जिभेवरच ठेवून हिंडतो.

नाना गोदामासमोरच्या मातीत उकिडवे बसले, तळहातानं वाळू सारखी केली आणि म्हणाले, "वहाळ कसा जातो, काढून दाखव."

इस्माईलच्या हातात उलथनं होतं. त्याच्या दांड्यानं त्यानं वाळूत वहाळ काढला. इथे वळतो, इथे खडक आहे, ही मशीद, ही शाळा, इथे साकव होता. नाना विचारत होते, पाणी कुठवर चढतं, पलीकडची जमीन कुणाची, खडक पक्का की भुसभुशीत. अविनाशही हात तसाच ठेवून त्यांच्यात जाऊन बसला आणि डाव्या हातानं चष्मा वर करत म्हणाला, "मग जुन्या जागी नको, इथे खडकावर घ्या." तिघंजण वाळूत वाकलेले. थेंबभर पाणी नसलेल्या त्या जमिनीवर आमच्या कोकणातला एक वहाळ वाहत होता, आणि तो ओलांडायचा कुठून याचा विचार चालला होता. आभाळातून क्षेपणास्त्रं पडत होती त्या शहरात. मी तोंडात सांदण घेऊन बघत राहिले, चावायचं विसरले. माझ्या आयुष्यात मी देवळं पाहिली, समुद्र पाहिला, पुढे मोठमोठी शहरं पाहिली. त्या दुपारच्यासारखं मी काही पाहिलेलं नाही.

"बाबा," वृंदा शेवटी गाडीतून म्हणाली, "चला ना घरी."

उरलेल्या सांदणांवरच तिचं डोहाळजेवण झालं, मधल्या खोलीत, खिडक्यांवरच्या फुल्यांखाली. ओटीत नारळ नव्हता, मी संत्रं घातलं. मग युद्ध संपलं. कुवेतच्या विहिरी पेटलेल्या होत्या, कधीकधी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे, आणि अशाच एका काजळलेल्या सकाळी वृंदाला मुलगी झाली. नाना नातीला मांडीवर घेऊन बसायचे आणि तिच्याशीसुद्धा त्या नव्या हळू आवाजात बोलायचे. विमानं सुरू झाल्यावर ते गेले.

पुढचं वृंदाकडून कळत गेलं. काही महिन्यांनी तिकडे जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या. पक्षातले मोठे लोक नानांना म्हणाले, थांबा, पुढच्या विधानसभेला तिकीट तुमचंच. नाना म्हणाले, मला झेडपीचं द्या, आणि तो वहाळ ज्या गटात आहे तोच गट द्या. लोकांना हसू आवरेना. झेडपीतून आमदार होतात सगळे, हे आमदार होऊन झेडपीत निघाले. उलटी गंगा. मीसुद्धा हेच म्हटलं होतं. नाना निवडून आले, अध्यक्ष झाले, आणि पुन्हा कधी विधानसभेला उभे राहिले नाहीत, विनवण्या होऊनही.

एकदा सुट्टीत आम्ही त्यांना भेटायला ऑफिसात गेलो. दुपारची वेळ, त्यांच्या टेबलावर पाच-सहा डबे उघडलेले. लांबच्या वाड्यांतून सकाळच्या एसटीनं आलेली माणसं कामासाठी ताटकळतात ती उपाशी, म्हणून त्यांच्याबरोबरच जेवायचा नेम. मी विचारलं, "नाना, विधानसभेची आठवण नाही येत?"

"येते की," ते म्हणाले. "तिथे प्रश्न मांडायचे असतात. मी फार छान मांडायचो. मांडून झाले की कँटीनला चहा प्यायला जायचो." आणि एका म्हाताऱ्याच्या पानात त्यांनी आपल्या डब्यातली भाजी वाढली.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या नातीला स्वतःची मुलगी आहे. सुलैची ती गोदामं पाडली म्हणतात, मी परत गेले नाही. काल सगळी खोकी बांधून झाल्यावर मोहन म्हणाला, "एक रीळ उरलंय, काय करू?" मी म्हटलं, राहू दे, असू दे हाताशी. आणि मला तो दिवस आठवला, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

नानांना ऑफिसात भेटलो त्याच सुट्टीवर निघताना इस्माईल आम्हाला बत्ह्यात भेटला होता. युद्धानंतर त्यानं तिथे एका खानावळीत नोकरी धरली होती, आणि त्याला त्या वर्षी सुट्टी मिळणार नव्हती. "वहिनी," तो मला म्हणाला, "घरचे सांगतात साकव झाला. पण घरचे मला बरं वाटावं म्हणून काय पण सांगतात. तुमी जाऊन त्याच्यावर चालून या."

म्हणून मी गेले. साधा साकव. सिमेंटचा, अरुंद, लोखंडी कठड्याचा रंग एका पावसातच सोलवटलेला. बरोबर खडकावर, जुन्या जागेच्या वर. नावाची पाटी नाही, कोनशिला नाही. मधोमध एक शेळी उभी, हलायला तयार नाही. अध्यक्षांची जीप पलीकडे थांबली आणि नाना शेळीच्या मागे मुकाट्यानं उभे राहिले, ती बाजूला होईपर्यंत. खालून वहाळ दणदणत होता, आणि दप्तरं डोक्यावर घेऊन पोरं आमच्या अंगावरून पळत गेली, साकव असतो हे गृहीत धरून. मी कठडा धरून दोनदा इकडून तिकडे चालले. एकदा माझं, एकदा इस्माईलचं.

परत आल्यावर मोहनबरोबर त्याच्या खानावळीत गेले. इस्माईल पिठाचे हात पुसत बाहेर आला. मी काही सांगायच्या आधीच त्यानं विचारलं, "गावात जेवलात? कुणाबरोबर?"

"तुमच्या आईबरोबर. नानाही होते पंगतीला."

त्यानं मान हलवली.

"साकवावर नानासाहेबांनी भाषण केलं?"

"नाही," मी म्हटलं. "एक शब्दसुद्धा नाही."

इस्माईलनं स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. पीठ लागलं गालाला, ते त्याला कळलंही नाही.

"मंग झालाय खरंच," तो म्हणाला.